काटा वर जातोय म्हणून लगेच हेड उतरवू नका

नमस्कार. तुमचा प्रश्न मोठा आहे, म्हणून आधी मला काय कळलं ते सांगतो. २०११ ची पेट्रोल डिझायर, वडिलांनी घेतलेली, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेली. पुण्याहून कराडला जाताना खंबाटकीच्या चढावर टेम्परेचरचा काटा वर सरकतो. कर्वे रोडच्या गर्दीत एसी लावला की तेच. सिग्नलला गाडी थरथरते, सकाळी दोन-तीनदा सेल्फ मारावा लागतो आणि अ‍ॅव्हरेज १५ वरून ११ वर आलंय. गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडून 'हेड गॅस्केट गेलंय' (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) म्हणत ४८ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, काही महिन्यांत संपतेय. खर्च करू की विकून टाकू, आणि गणपतीला कराडला हीच गाडी नेऊ का, असं तुम्ही विचारताय.

यावर तीन-चार जणांनी 'विकून टाका' असं लिहिलेलं दिसलं. माझं कोल्हापुरात गॅरेज आहे आणि आमच्याकडे बहुतेक अशाच वयाच्या गाड्या येतात, त्यामुळे माझं मत वेगळं आहे. तुमच्या गाडीचं हेड गॅस्केट गेलंय की नाही हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून ते कुणी तपासलेलंच नाही, एवढं नक्की सांगतो. तुम्ही एका दमात सांगितलेल्या तक्रारींमध्ये किमान तीन वेगवेगळी दुखणी आहेत. ती एका हेडच्या कामात बरी होणार नाहीत.

तुमच्या प्रश्नातली माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची दोन वाक्यं तुम्ही शेवटी जाता जाता लिहिली आहेत. 'हायवेला काटा उलट खालीच असतो, सकाळी तर अर्ध्यावर यायला खूप वेळ लागतो.' आणि 'दोन वर्षांपूर्वी गाडी तापली होती तेव्हा मेकॅनिकने काहीतरी काढून टाकलं, मग बरी चालली.'

ते 'काहीतरी' म्हणजे बहुधा थर्मोस्टॅट, आपल्याकडे ज्याला नुसतं 'वॉल्व्ह' म्हणतात. इंजिन गार असताना तो बंद राहून पाणी रेडिएटरकडे (पाणी गार करणाऱ्या पुढच्या जाळीकडे) जाऊ देत नाही, त्यामुळे इंजिन लवकर गरम होतं. मॉडेलप्रमाणे ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तो उघडतो आणि मग रेडिएटरचं काम सुरू होतं. जुना झाला की कधी कधी बंद अवस्थेतच अडकतो आणि गाडी तापते. तेव्हा नवा बसवण्याऐवजी तो काढून फेकून द्यायचा आणि 'आपल्या हवामानात लागत नाही साहेब' म्हणायचं, ही पद्धत गावोगावी आहे. त्या दिवसापुरती गाडी बरी होते, गिऱ्हाईक खूश होतं. पण पुढे हायवेच्या वाऱ्यात इंजिन कायम गार राहतं. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं अजून वॉर्म-अप चाललंय, म्हणून तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. तुमचं अ‍ॅव्हरेज चार किलोमीटरने पडण्यामागे मोठा वाटा याचा असावा, असा माझा अंदाज आहे. वॉल्व्ह जागेवर आहे पण उघडा अडकलाय, असंही असू शकतं. लक्षणं तीच, उपायही तोच: नवा वॉल्व्ह, त्याचं गॅस्केट, आणि शक्यतो कंपनीचा ओरिजिनल. हा काही महागाचा पार्ट नाही.

आता तुम्ही विचाराल, वॉल्व्ह नसेल तर पाणी सतत रेडिएटरमधून फिरतंय, मग घाटात काटा वर का जातो? कारण फिरणारं पाणी रेडिएटरमध्ये गार होत नाहीये. रेडिएटरची बाटली दर आठवड्याला 'पाण्याने' भरतो असं तुम्ही लिहिलंय. नळाचं की बोअरचं, ते लिहिलं नाहीत. बोअरचं असेल तर घरच्या गिझरच्या कॉइलवर चुना बसतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आतून बसतो. शिवाय हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. कुलंटमध्ये, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळायच्या द्रवात, गंज धरू न देणारी रसायनं असतात, साध्या पाण्यात ती नसतात. दोन-तीन वर्षं नुसतं पाणी घालून चालवलेल्या गाडीचा होज काढला की आत चहाच्या रंगाचा गाळ दिसतो. सपाट रस्त्यावर अर्धा चोंदलेला रेडिएटरही भागवून नेतो. खंबाटकीला साताऱ्याच्या दिशेने जाताना चढ लागतो, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ट्रकच्या मागे जावं लागतं, इंजिन जोर लावतंय आणि समोरून वारा नाही. तिथे त्याचं पितळ उघडं पडतं. येताना बोगद्यातून आलात की हा त्रास होत नसेल, बघा आठवून.

रेडिएटरबरोबर त्याच्या कॅपचंही बघा. कॅप म्हणजे नुसतं झाकण नव्हे, ती दाब धरून ठेवते. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, पण कॅपने साधारण १ बार दाब धरला की तेच पाणी १२० च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कुलंट मिसळलेलं असेल तर आणखी थोडं वर. कॅपचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग मेली की दाब निसटतो, पाणी लवकर उकळतं, बाटलीत उसळतं आणि वाफ होऊन जातं. 'गळती कुठेच नाही तरी पाणी कमी होतं' या तक्रारीत मी सगळ्यात आधी कॅप बदलतो. दोन-तीनशे रुपयांची वस्तू आहे. पंधरा वर्षांत तुमची एकदाही बदलली नसेल तर तपासायलाही नको, सरळ बदला.

गर्दीत काटा चढतो आणि गाडी चालायला लागली की उतरतो, याचा अर्थ मात्र वेगळा. उभ्या गाडीला वारा फक्त पंखाच देतो. गाडी उभी करून एसी लावा आणि बॉनेट उघडून बघा. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांत एसी लागला की पंखा लगेच फिरायला हवा. फिरत नसेल तर आधी फ्यूज आणि रिले बघा, मग मोटर. जुन्या मोटरचे कार्बन ब्रश झिजले की ती कधी फिरते, कधी नाही, आणि नेमकी गॅरेजमध्ये नेली की फिरते. एक खबरदारी घ्या: इंजिन गरम असताना पंखा केव्हाही आपोआप सुरू होतो, इंजिन बंद असलं तरी. बोटं, ओढणी, टाय सगळं लांब ठेवा.

पंखा ठीक असेल तर एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत टॉर्च मारा. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, पण मधल्या जागेत पंधरा वर्षांची धूळ, किडे, वाळलेली पानं यांची गोधडी झालेली असते. ती पाण्याच्या साध्या पाइपने, कमी दाबाने, इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला धुवायची. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशर गन मारू देऊ नका, फिन्स वाकतात आणि वारा कायमचाच बंद होतो.

आता हेड गॅस्केट. ते गेलेलंच नसेल असं मी म्हणत नाही. वारंवार तापलेल्या गाडीचं हेड वाकू शकतं. पण ते सिद्ध करायला हेड उतरवावं लागत नाही.

पहिली परीक्षा सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर करायची. बॉनेट उघडा आणि रेडिएटरचा वरचा जाड होज दाबून बघा. तो मऊ लागायला हवा. गाडी पूर्ण गार असूनही तो फुगून टणक राहिला असेल तर आत सिलिंडरचा गॅस शिरत असल्याचा संशय घ्यायला जागा आहे. मग कॅप काढा (इंजिन पूर्ण गार असतानाच, गरम असताना कधीच नाही), पाणी काठोकाठ भरा, गाडी सुरू करा आणि तोंडाशी बघत राहा. सुरुवातीला अडकलेली हवा निघते, तेवढे बुडबुडे चालतात. पण दहा मिनिटांनंतरही बारीक बुडबुड्यांची माळ थांबत नसेल, रेस केल्यावर वाढत असेल, तर गॅस्केटवरचा संशय पक्का होत जातो. शेवटचा निकाल ब्लॉक टेस्टचा. निळ्या द्रवाची एक नळी रेडिएटरच्या तोंडावर लावतात आणि आतली हवा त्यातून ओढतात. त्या हवेत जळलेला गॅस असेल तर निळा रंग पिवळा होतो. बऱ्या गॅरेजमध्ये हे किट असतं. तुमच्या गॅरेजकडे नसेल तर ४८ हजारांचं काम सांगणाऱ्याने ते कुठून तरी आणावं, इतका आग्रह धरायला हरकत नाही.

एक इशारा. ऑइल फिलरच्या झाकणाखाली पांढरट मलई दिसली की 'बघा, पाणी ऑइलमध्ये गेलं' असं सांगणारे भेटतील. पावसाळ्यात रोज चार-पाच किलोमीटरच फिरणाऱ्या गाडीत, त्यातही वॉल्व्ह काढलेल्या आणि इंजिन कधीच नीट न तापणाऱ्या गाडीत, झाकणाखाली अशी मलई नुसत्या दमट हवेनेही धरते. डिपस्टिक ओढून बघा. तिच्यावरचं ऑइलही दुधाळ असेल तर मात्र गाडी तिथेच थांबवा.

गॅस्केट ठीक निघालं तर पाणी जातंय कुठे ते शोधावं लागेल. प्रेशर पंप लावून सिस्टिमवर दाब ठेवला की गळती सापडते. रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा जोड, होजच्या क्लिपा, वॉटर पंपाखालचं बारीक भोक आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचा गालिचा या चार जागा बघा. पंपाच्या भोकाखाली वाळलेल्या पाण्याचा पांढरा किंवा गुलाबी-हिरवा ओघळ दिसला तर पंपाचं सील गेलं. गालिचा ओला आणि आतून काचेवर चिकट वाफ येत असेल तर हीटर कोअर, म्हणजे केबिनमधला हीटरचा छोटा रेडिएटर, गळतोय.

थरथरण्याकडे येतो. इथे आरपीएमच्या काट्याकडे बघा. न्यूट्रलमध्ये काटा स्थिर आहे पण स्टिअरिंग आणि सीट थरथरतेय, तर माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं ती. रबर किलोमीटरने जितकं मरतं त्याहून जास्त वर्षांनी मरतं, आणि पंधरा वर्षांत इंजिन माउंटिंग खचलं नसेल तरच नवल. एसी लागताच काटा खाली पडून परत वर उसळत असेल, तर थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनला हवा सोडणाऱ्या झडपेत, काजळी साचलीय, ती साफ करून घ्या. तिसरी शक्यता मिसिंगची. सायलेन्सरच्या तोंडाशी एक कागद धरा. फुंकर एकसारखी येत असेल तर ठीक. मध्येच 'फक्' करून ताल चुकत असेल, कागद आत ओढला जात असेल, तर एखादा सिलिंडर नीट जळत नाहीये. तुमच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला ठिणगीसाठी स्वतंत्र कॉइल आहे, त्यामुळे शोध सोपा आहे: स्कॅनरने कोणता सिलिंडर मिस करतोय ते बघायचं, त्याची कॉइल शेजारच्याशी अदलाबदल करायची. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं तर कॉइल खराब, तिथेच राहिलं तर प्लग किंवा इंजेक्टर, आणि तेही नसेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. चारही कॉइल 'एकदम बदलून टाकू' म्हणणाऱ्याला आधी ही अदलाबदल करायला सांगा.

सकाळच्या सेल्फचं आधी घरी बघा. चावी फिरवून दिवे लागू द्या, सेल्फ न मारता दोन-तीन सेकंद थांबा, बंद करा, पुन्हा तसंच करा, आणि मग सेल्फ मारा. एका झटक्यात गाडी सुरू झाली, तर रात्रीतून पेट्रोल लाइनमधला दाब उतरतोय. पंप किंवा त्यातला चेक वॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप) तपासा. पण सेल्फच मंद फिरत असेल तर बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटरवर साधारण १२.६ व्होल्ट दिसायला हवेत, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. चालू असताना कमी दिसले तर बॅटरी नव्हे, अल्टरनेटर बघा, म्हणजे आपण ज्याला डायनॅमो म्हणतो तो. बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टीही काढून, घासून परत घट्ट करा. या एका पट्टीपायी लोकांनी नव्या बॅटऱ्या घेतलेल्या मी बघितल्या आहेत.

अ‍ॅव्हरेजबद्दल कुणीतरी 'हे सगळं इथेनॉलमुळे' असंही लिहिलंय. त्यात थोडं तथ्य आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत २० टक्के मिश्रणाने हिशोबाने सहा-सात टक्क्यांचा फरक पडतो. १५ चे १४ होतील, ११ नाही. तुमची गाडी २०२३ च्या आधीची, म्हणजे त्या मिश्रणाचा विचार करून बनवलेली नाही, म्हणून पेट्रोलचे रबरी पाइप वर्षातून एकदा हाताळून बघा. बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

आता खर्चाचा क्रम. आधी कॅप, थर्मोस्टॅट, पंखा आणि ती मधली धूळ. मग सिस्टिम फ्लश: नळाच्या नव्हे, डिस्टिल्ड पाण्याने, बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. त्यानंतर योग्य कुलंट, आणि हवा नीट काढणं. गाडीचं तोंड जरा उंचावर, हीटर पूर्ण गरमवर, कॅप उघडी, बुडबुडे संपेपर्यंत. घाईत हवा राहिली तर सगळं नवं असूनही काटा चढतो. एवढं करून घाटात तोच त्रास राहिला तर रेडिएटर नवा. पूर्वी तांब्या-पितळेचे रेडिएटर उघडून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करता यायची. प्लास्टिक टाकीच्या अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरवर तो खटाटोप करण्यात अर्थ नाही. हेडची पाळी यानंतर, आणि ती आली तर एस्टिमेटमध्ये हेडचं फेसिंग (घासून सपाट करणं), नवे हेड बोल्ट आणि वॉटर पंप आहेत का ते विचारा. नुसतं गॅस्केट बदलून वाकलेलं हेड परत बसवलं तर वर्षभरात पुन्हा तेच.

विकायची की ठेवायची, हे माझ्या मते इंजिनवर ठरत नाही, पत्र्यावर ठरतं. गाडी लिफ्टवर घ्या, दरवाज्यांखालचे बॉक्स, सस्पेन्शन जिथे बॉडीला बसतं त्या जागा आणि गालिच्याखालची जमीन स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. तिथे पत्रा भुसभुशीत लागला तर इंजिन कितीही चांगलं असो, पैसे घालू नका. मुंबई-कोकणात राहिलेल्या गाड्यांत हे जास्त बघायला मिळतं, पुण्याची गाडी बऱ्याचदा वाचलेली असते. पत्रा चांगला असेल तर खर्चाची तुलना गाडीच्या बाजारभावाशी करू नका. 'दीड लाखाच्या गाडीला पन्नास हजार कशाला' हा हिशोब सगळे करतात, पण तुम्हाला गाडी विकायची नाहीये, वापरायची आहे. तुलना नव्या गाडीच्या सहा महिन्यांच्या हप्त्यांशी करा. पंधराव्या वर्षी टायर, ब्रेकचे रबरी होज, ब्रेक ऑइल आणि सस्पेन्शनच्या लोअर आर्मचे रबरी बुश हेही खर्चात धरा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी इतके जुने टायर मी हायवेला नेऊ देत नाही.

आरसीची भीती मनातून काढा. पंधरा वर्षांनी गाडी भंगारात काढायची हा नियम दिल्ली-एनसीआरमधल्या पेट्रोल गाड्यांबद्दलच्या आदेशांमुळे लोकांच्या डोक्यात बसलाय, महाराष्ट्रात तसं नाही. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत फॉर्म २५ भरून अर्ज करायचा, आरटीओत गाडी दाखवायची आणि पास झाली की पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं. कारची फी एप्रिल २०२२ पासून ५ हजार रुपये आहे, त्याशिवाय पर्यावरण कर. विमा आणि पीयूसी चालू हवेत, आणि गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असल्याने एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लागेल. उशीर केलात तर महिन्यागणिक दंड चढतो. गाडीचं काम आधी करा, मग पीयूसी काढा. मिसिंग करणारं किंवा थंड चालणारं इंजिन पीयूसीत अडकू शकतं.

शेवटचं, गणपतीला कराडला ही गाडी न्यायची का. कॅप, पंखा आणि फ्लश झाल्याशिवाय नाही. झाल्यावर जायचं तर खंबाटकीच्या पायथ्यालाच एसी बंद करा, गिअर एक खाली ठेवा आणि काटा अर्ध्याच्या वर जायला लागला की हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर फुलवर लावा. घाम निघेल, पण इंजिनची बरीच उष्णता तिथून बाहेर पडते. हीटरमधून गार हवा आली आणि काटा वरच असेल तर आत पाणीच उरलेलं नाही. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, आणि निदान पाऊण तास कॅपला हात लावू नका. सकाळच्या होजची आणि बुडबुड्यांची परीक्षा झाली की काय दिसलं ते इथे लिहा. गॅस्केट खरोखर गेलेलं असेल तर त्या एस्टिमेटमधली एकेक ओळ आपण बघू.